समुद्राजवळच्या घरात डिजिटल छायाचित्रांच्या प्रती कशा ठेवाव्यात?

प्रश्न: मांद्रेकर (मांद्रे, पेडणे, गोवा)

नमस्कार. आमच्या एकत्र कुटुंबाची २००४ पासूनची छायाचित्रे, सुमारे ६०० जीबी, सध्या १ टीबीच्या एकाच बाह्य हार्ड डिस्कवर आहेत. दर चवथीची (गणेश चतुर्थीची) माटोळी म्हणजे गणपतीवर बांधलेली फळाफुलांची सजावट, पाडण्यापूर्वीचे जुने घर, आजोबांच्या काळातील स्कॅन केलेली कागदी छायाचित्रे, असे पुन्हा न मिळणारे बरेच काही त्यात आहे. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातील चामड्याच्या पट्ट्यांवर बुरशी येते आणि बिजागऱ्या गंजतात. यंदा डिस्कच्या यूएसबी जोडणीच्या तोंडाशीही हिरवट थर दिसला. डिस्क अजून चालते. दुसरी डिस्क घेऊन त्याच कपाटात ठेवावी, एसएसडी (फिरते भाग नसलेले, चिपवर माहिती साठवणारे साधन) घ्यावा, की सर्व काही गूगल फोटोजवर चढवावे?

उत्तर: फोंडेकर

तो हिरवट थर म्हणजे जोडणीतील तांब्याच्या मिश्रधातूला खाऱ्या हवेने लागलेला गंज असावा. तो खरवडण्याच्या भानगडीत न पडता आधी नवी डिस्क आणून सर्व फायली तिच्यावर उतरवून घ्या. साफसफाई, वर्गवारी, दुहेरी चित्रे काढून टाकणे ही कामे त्यानंतरची. ६०० जीबी उतरवायला चांगल्या जोडणीवर काही तास पुरतात. लहान फायली हजारोंनी असल्या तर वेळ वाढतो, म्हणून रात्रभर चालू ठेवण्याची तयारी ठेवा.

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम घरगुती संग्रहालाही लागू पडतो: एकूण ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील १ घराबाहेर. आपल्या प्रश्नात मला खटकले ते ‘त्याच कपाटात’ हे शब्द. चोरी, आग, छपरातून गळणारे पाणी किंवा वाळवी यांपुढे एका कपाटातील दोन डिस्का ही एकच प्रत ठरते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा घरांवर झाडे कोसळलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. एक डिस्क समुद्रापासून दूर, डिचोली किंवा सांगेकडच्या नातेवाइकांकडे ठेवावी आणि चवथीला सगळे मूळ घरी जमतात तेव्हा तिची अदलाबदल करावी. एरवी त्यासाठी मुद्दाम कोणी जात नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

एसएसडी रोजच्या वापराला उत्तम, परंतु वर्षानुवर्षे बंद ठेवण्याच्या प्रतीसाठी मी हार्ड डिस्कच घेईन. एसएसडीमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू ओसरतो. लेखनमर्यादा (त्यावर एकूण किती माहिती लिहिता येते ती मर्यादा) संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात विजेविना १ वर्ष माहिती टिकवावी, एवढीच ‘जेडेक’ या चिप उद्योगाच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. नवा एसएसडी याहून बराच अधिक काळ टिकेल हे खरे, तरीही तो कपाटात ठेवून विसरण्याची वस्तू नव्हे.

उत्तर: पणजीहून एक वाचक

वरील सल्ल्याशी सहमत आहे. मात्र दमटपणाबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक वाटते. जुलैमध्ये आपल्याकडची सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आर्द्रतेची जी मर्यादा छापतात, ती ‘दव न साचता’ या अटीवर असते. वातानुकूलित खोलीत गार झालेली डिस्क बाहेरच्या दमट हवेत काढून लगेच जोडली, तर तिच्या धातूवर आणि सर्किटवर पाणी धरते. ती पिशवीत तशीच बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

साठवणुकीसाठी रबरी कडेचा हवाबंद डबा आणि रंग बदलणारे सिलिका जेल पुरेसे आहे. रंग बदलला की ते वेष्टनावरील सूचनेप्रमाणे तापवून सुकवावे. सिलिका जेल न बदलता डबा वर्षभर बंद ठेवणे मात्र निरुपयोगी, कारण आत अडकलेली ओल आतच राहते. कॅमेऱ्याच्या भिंगांसाठी कोरडे कपाट (आतील आर्द्रता कमी ठेवणारे विजेवरचे कपाट) आधीच असेल तर डिस्कही त्यातच ठेवावी. केवळ डिस्कसाठी एवढा खर्च करण्याची गरज मला वाटत नाही.

विजेपासूनही जपावे. आपल्याकडे गडगडाट भर पावसाळ्यापेक्षा मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये अधिक असतो. त्या दिवसांत प्रती काढताना चार्जर आणि इंटरनेटची तार काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, आणि काम संपताच डिस्क विलग करावी. सतत जोडलेली डिस्क विजेच्या झटक्याला सापडते, तशीच फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर व्हायरसलाही.

मांद्रेकर

आभारी आहे. म्हणजे गूगल फोटोज घराबाहेरची प्रत म्हणून चालणार नाही का? मुलांचा आग्रह त्याचाच आहे.

उत्तर: वाळपईकर

चालेल, पण ती एकमेव प्रत असू नये. १ जून २०२१ पासून नवी चित्रे १५ जीबीच्या मोफत जागेत मोजली जातात आणि ती जागा जीमेलसह सामाईक असते. ६०० जीबीसाठी दरवर्षी पैसे भरावे लागतील. चढवताना ‘मूळ दर्जा’ निवडावा, अन्यथा १६ मेगापिक्सेलहून मोठी चित्रे लहान केली जातात. २० एमबीपीएसच्या अखंड वेगानेही जवळपास ३ दिवस लागतील, आणि आमच्या सत्तरी तालुक्यात अखंड हा शब्द जरा जपूनच वापरावा लागतो.

मोठी अडचण निराळी आहे. फोनवरच्या त्या ॲपमधून चित्र पुसले की ते खात्यातूनही जाते. कचरापेटीत ६० दिवस राहते आणि मग कायमचे नाहीसे होते. घरातील लहान मुलाने फोन हाताळताना अख्खा अल्बम पुसला, तर ६१ व्या दिवशी उपयोगी पडेल ती कपाटातली डिस्कच. रोबोकॉपी किंवा फ्रीफाइलसिंक या प्रती काढण्याच्या प्रोग्राममध्ये ‘मिरर’ हा पर्यायही याच कारणासाठी टाळावा, कारण मूळ ठिकाणी पुसलेले तो प्रतीमधूनही पुसतो.

नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली लग्नाची चित्रे मूळ समजून साठवू नका. तेथे चित्र दाबून लहान केले जाते आणि काढल्याची तारीखही निघून जाते. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवावीत.

उत्तर: फोंडेकर

एक भर घालतो. प्रत झाली याचा अर्थ ती वाचता येते असा नव्हे. फ्रीफाइलसिंकमध्ये फायलींच्या आशयाची तुलना करण्याचा पर्याय आहे. पहिल्या प्रतीनंतर तो एकदा पूर्ण चालवावा, आणि पुढे चवथीला डिस्क बदलताना प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधील काही चित्रे प्रत्यक्ष उघडून पाहावीत. बिघडलेल्या जेपीईजीचे लहान चित्र अनेकदा धडधाकट दिसते. मोठे करून पाहिल्यावरच खालचा अर्धा भाग करडा झालेला कळतो. मुलांकडे मॅक असेल तर नवी डिस्क एक्सफॅटमध्ये (विंडोज आणि मॅक दोन्हींना चालणाऱ्या मांडणीत) फॉरमॅट करा, कारण एनटीएफएस या विंडोजच्या मांडणीतील डिस्क मॅक केवळ वाचतो, तिच्यावर लिहीत नाही.