सकाळचा निळा धूर
भाऊ, जुन्या व्हॅनला सकाळी स्टार्ट करताना निळा धूर, मग धूर बंद, आणि मिस्त्री म्हणतो इंजिन खोला? थांबा जरा! हा बहुधा व्हॉल्व्ह सीलचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल सिलिंडरमध्ये जाऊ न देणाऱ्या रबरी टोपीचा प्रकार. पिस्टनवरच्या रिंगा गेल्या असत्या तर चढावरही धूर दिसला असता. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. कमी आलं तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. वाढलं तर रिंगा.

माझ्या व्हॅनचे सील यवतमाळच्या मिस्त्रीने हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, न उतरवता बदलले. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये नायलॉनची दोरी भरली, क्रँक (पिस्टन वर-खाली करणारा दांडा) हाताने हळूच फिरवला. पिस्टनने दोरी दाबून व्हॉल्व्ह वरच धरले, आत पडू दिले नाहीत. दोरीचं टोक मात्र बाहेर ठेवा बरं! जुने सील पार कडक झाले होते, नखानं तुटत होते.