प्रतिसाद : अ‍ॅपच्या आधीही बायका होत्या

वर कुणीतरी लिहिलंय की बायका शेअर बाजारात आल्या त्या मोबाइल अ‍ॅपमुळे. थोडं थांबा. माझी मावशी १९९५ पासून म्हापशात एका सब-ब्रोकरच्या (मोठ्या दलालाच्या हाताखालच्या दलालाच्या) कचेरीत होती. राष्ट्रीय शेअर बाजाराचे सौदे व्हीसॅटवरून, म्हणजे छोट्या उपग्रह-डिशवरून, होऊ लागले, म्हणून तर मुंबईबाहेर बसून असलं काम करता आलं. पण शेअर कागदीच. ट्रान्सफर डीडवरची (शेअर दुसऱ्याच्या नावावर करायच्या कागदावरची) सही जुळली नाही की 'बॅड डिलिव्हरी' म्हणून गठ्ठा परत. मावशी टेबलाच्या काचेखाली गिऱ्हाइकांच्या सह्यांचे नमुने ठेवायची आणि कागद पाठवण्याआधी एकेक ताडून बघायची.

शुक्रवारच्या बाजाराला आलेले लोक टोपली दाराशी ठेवून विचारत, "बाय, म्हजो शेर वयर गेलो काय ना?" मिरगात वीज गेली की स्क्रीन काळा, मग मुंबईला ट्रंककॉलसारखं ओरडत फोनवरून सौदे कापायचे, म्हणजे उलटा सौदा करून मिटवायचे. नवा माणूस मात्र आला की हिला ओलांडून विचारणार, "साहेब कुठे आहेत?" (शिपायालाही विचारलेलं आहे!)

२०२३ पासून सगळे शेअर दुसऱ्या दिवशी खात्यात येतात, ते बघून ती म्हणाली, "आमचा अर्धा जन्म पोस्टाची वाट बघण्यात गेला गो."