ईएसआयचे पैसे कापतो म्हणून तरणं पोरगं भांडून राहिलं, त्याला काय सांगू?

खोकेवाला_हिंगणा
राजेहो, हिंगणा एमआयडीसीत माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. संत्र्याच्या सीझनपायी माणसं वाढवली, कामगार दहावर गेले अन् ईएसआय (कामगारांचा सक्तीचा सरकारी आरोग्य विमा) लागू झालं. १४,००० पगारावर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १०५ रुपये, माझे ३.२५ टक्के म्हणजे ४५५. कटिंग मशीनवरचा चोवीस वर्षांचा पोरगा म्हणे, "भाऊ, मी अन् दवाखाना? शुगर त्या पेस्टिंगवाल्या काकांना आहे, माझे पैसे काहून कापता?"

कायदा आहे म्हटलं, तर म्हणे, "ते कळलं, पण बरोबर आहे का ते सांगा." गाडीच्या थर्ड पार्टीचं समजतं, धडक दुसऱ्याला बसते. याचं पोट दुखलं तर दुसऱ्याचं काय जातं?

क्लेमटेबल
दादा, काकांची शुगरच धरून बोला. मी नोकरीभर विमा कंपनीत क्लेमच्या फायली उपसल्या. काका आज खासगी पॉलिसी घ्यायला गेले तर फॉर्मवर पहिला प्रश्न शुगरचा. मग हप्ता वाढवतील नाहीतर नाकारतील, आणि दिलीच तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात (२०२४ आधी चार होती, तेवढी कृपा). ईएसआय ना वय विचारतं ना आजार, हप्ता पगारावर. असं न विचारणं परवडतं, कारण सगळे आत आहेत. ऐच्छिक करा, तुमचं पोरगं पहिलं बाहेर पडेल, मग तिशीतले, शेवटी काका एकटे. मग काकांचा हप्ता म्हणजे काकांचंच बिल.

न्यूयॉर्क राज्यानं १९९३ मध्ये हेच केलं. कुणालाही नाकारायचं नाही, तरुण-म्हातारे एकाच हप्त्यात, पण विमा घ्यायची सक्ती नाही. तरुण निघून गेले आणि स्वतःची पॉलिसी घेणाऱ्यांचे हप्ते आवाक्याबाहेर गेले.

आणि कटिंग मशीनवर उभा राहून "मी अन् दवाखाना" म्हणतो? कामावर हात जायबंदी झाला तर बरा होईपर्यंत ९० टक्के पगार मिळतो. साधं आजारपण असेल तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के. त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही यात येतात. त्याच्या आईला विचारा, शुगर तिलाही निघायची! फक्त आजारपणाच्या त्या ७० टक्क्यांसाठी आणि मोठ्या सुपरस्पेशालिटी उपचारासाठी आधी काही काळ हप्ता भरलेला लागतो, ते लपवू नका.

मेडिकल_चौक
ताई, गणित मान्य. पण अमेरिकेत विमा न घेणाऱ्याचा दंड २०१९ पासून शून्य आहे, तरी बाजार बुडाला नाही. आपल्याकडे तर राज्य सरकारच्या महात्मा फुले योजनेत रेशन कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार, तेही हप्ता न भरता. मग गरिबाच्याच पगाराला कात्री काहून? पैसे कापूनही माणूस मेडिकल नाहीतर मेयो या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांच्या रांगेत दिसतोच. सक्ती करणाऱ्यानं आधी स्वतःचे दवाखाने नीट चालवावे न बाप्पा.

क्लेमटेबल
दवाखान्यांचं बोललात ते खरं, त्यावर भांडाच. अमेरिकेत दंड गेला, पण सरकार हप्त्यात भरपूर मदत करतं, म्हणून तरुण टिकले. पैसा सगळ्यांच्याच खिशातून गेला, फक्त करातून. फुले योजना यादीतल्या ऑपरेशनचं आणि भरतीचं बघते. तापाची गोळी आणि बुडालेला पगार तिच्यात बसत नाही.

खोकेवाला_हिंगणा
मशीनचं सांगितलं तसा गप झाला. आईचं सांगितलं तर म्हणे, "कार्ड कधी मिळते?" आता सुपरवायझर येऊन बसला. पगार २०,५००, दिवाळीत वाढवायचा आहे, २१,००० ओलांडले की ईएसआय बंद न?

क्लेमटेबल
लगेच नाही. ऑक्टोबर ते मार्चच्या सहामाहीत मध्येच वाढवलात तर मार्चअखेरपर्यंत तुमचा नि त्याचा हप्ता चालू राहतो. पण खासगी पॉलिसी त्याला आत्ताच घ्यायला लावा, म्हणजे तीन वर्षांची मोजणी सुरू होईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय. आणि फॉर्मवर बीपी असेल तर बीपी लिहायला सांगा. लपवलेल्या बीपीच्या फायली मी फार पाहिल्यात.