मदत हवी आहे: सायकेडेलिकने मेंदूच्या पेशींना फांद्या फुटतात म्हणे, भावाला यातलं खरं कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरही अर्धवटच मिळेल म्हणून सगळं लिहिते.

मी परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. धाकटा भाऊ २६ वर्षांचा, दोन वर्षं डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्राम घेतोय. थोडा फरक आहे, पण पूर्वीसारखा तो अजून झालेला नाही. आधीचे डॉक्टर तीन मिनिटांत डोस वाढवून बाहेर पाठवायचे, म्हणून आता तिकडे जायलाच तयार नाही. सध्या रात्र रात्र जागून सायकेडेलिक द्रव्यांवरचे, म्हणजे भास घडवणाऱ्या एलएसडीसारख्या द्रव्यांवरचे शोधनिबंध वाचतो. गेल्या रविवारी त्याने एका चित्राची झेरॉक्स कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. दोन चेतापेशी आहेत. डावीकडची मे महिन्यातल्या वाळक्या तुळशीसारखी, चार काड्यांची. उजवीकडची फांद्याफांद्यांनी गच्च. खाली पेनने लिहिलंय, "ताई, हे माझ्यातही होऊ शकतं."

ते वाचल्यापासून मला काही सुचत नाही. त्याला इतक्या दिवसांनी कशाची तरी आशा वाटतेय, ती मला तोडायची नाही. म्हणून मीही वाचायला बसले.

जे समजलं ते असं. चित्र २०१८ सालच्या, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ओल्सन यांच्या गटाच्या कामातलं आहे. उंदरांच्या मेंदूतून काढून डिशमध्ये वाढवलेल्या पेशींना एलएसडी, डीएमटी वगैरे दिलं, तर फांद्या आणि त्यांवरचे बारीक काटे (इथेच दुसऱ्या पेशींशी जोडण्या होतात) वाढले. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने जिवंत उंदरांना सिलोसायबिनचा (काही मशरूममध्ये असणाऱ्या सायकेडेलिक द्रव्याचा) एकच डोस दिला. काट्यांची संख्या आणि आकार दोन्ही साधारण १० टक्क्यांनी वाढले आणि त्यातले काही महिन्याभरानंतरही टिकून होते. मानवी पेशींवरचं काम ब्राझीलचं, २०१७ सालचं: मूलपेशींपासून वाढवलेल्या, मेंदूच्या ऊतीसारख्या छोट्या पेशीगोळ्यांवर ५-मिओ-डीएमटी हे डीएमटीच्याच जातीचं द्रव्य टाकलं. ओळखलेल्या ६,७२८ प्रथिनांपैकी ९३४ चं प्रमाण बदललं.

भाऊ या ९३४ आकड्याला धरून बसलाय. आणि मी इथेच अडते. सीआरपी (शरीरात सूज किंवा संसर्ग असला की वाढणारं प्रथिन) वाढलेले रिपोर्ट रोज माझ्या हातून जातात, तेही 'बदललेलं' प्रथिनच असतं. बदललं म्हणजे सुधारलं असं कसं म्हणायचं? फांद्या वाढणं तरी नेहमी चांगलंच असतं का? वयात येताना मेंदू स्वतःच कितीतरी जोडण्या छाटून टाकतो.

त्याचा सगळ्यात बिनतोड वाटणारा मुद्दा वेगळाच आहे. २०२३ च्या एका निबंधात दाखवलंय की फांद्या फुटायला पेशीच्या आतले ५-एचटी२ए रिसेप्टर, म्हणजे सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचे ग्राहक, जागे व्हावे लागतात. सेरोटोनिन पेशीच्या पडद्यातून सहजासहजी आत जात नाही, ही द्रव्यं स्निग्धात विरघळणारी असल्याने आत शिरतात. तो म्हणतो, "माझी गोळी सेरोटोनिन वाढवते, पण ते दाराबाहेरच उभं राहतं. मग ती खाऊन उपयोग काय?" याला मला उत्तर देता आलं नाही. त्याने गोळी बंद केली तर, ही माझी मुख्य धास्ती आहे. शिवाय मशरूम मिळवून देतो म्हणणारा कोणीतरी ओळखीचा निघालाय. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचं मी त्याला सांगितलंय.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. आणि माझ्या भावाला नशेडी म्हणू नका, एवढी हात जोडून विनंती.

*

प्रतिसाद:

ताई, मी पेशी वाढवण्याच्याच कामात आहे, तेवढ्यापुरतं सांगतो. डिशमधल्या पेशीला यकृत नाही, रक्तप्रवाह नाही, आणि मुख्य म्हणजे तिला डिप्रेशन नाही. द्रव्यात ती तासन् तास बुडून असते. ब्राझीलच्या त्या पेशीगोळ्यांचं वय गर्भातल्या मेंदूएवढं, रक्तवाहिन्याही नाहीत. ९३४ चा अर्थ इतकाच, की पेशीने दखल घेतली.

आता दाराबाहेरच्या सेरोटोनिनबद्दल. भावाला हेलसिंकीच्या एरो कास्त्रेन यांच्या गटाचं काम वाचायला द्या. चेतापेशींची वाढ सांभाळणारं बीडीएनएफ नावाचं प्रथिन ट्रकबी या रिसेप्टरवर काम करतं. २०२१ मध्ये या गटाने मांडलं की फ्लुओक्झेटिनसारखी नेहमीची डिप्रेशनची औषधंही थेट ट्रकबीला चिकटतात. २०२३ मध्ये एलएसडी आणि सिलोसिन (शरीरात सिलोसायबिनचं जे बनतं ते) तिथेच, पण साधारण हजारपट घट्ट चिकटतात असं दाखवलं. म्हणजे तो ज्या वाटेकडे डोळे लावून बसलाय, त्याच वाटेवर जुनी औषधंही हळूहळू चालत असावीत. गोळी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष यातून निघत नाही. ती अचानक तोडू देऊ नका, कमी करायचीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणखी एक. माणसांवरच्या चाचण्यांत घरात कोणाला सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) किंवा बायपोलर (टोकाचा उत्साह आणि टोकाचं नैराश्य आलटून पालटून येणारा आजार) असेल तर सहसा घेतच नाहीत. डोसच्या वेळी प्रशिक्षित माणसं तासन् तास शेजारी बसतात, आधी आणि नंतर समुपदेशन असतं. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून सिलोसायबिनला जी परवानगी दिली, तीही फक्त परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञांना, इतर उपचारांनी न हटणाऱ्या डिप्रेशनसाठी. ओळखीच्याने पुडीत आणून दिलेल्या मशरूममध्ये यातलं काहीच नसतं.

केईएम रुग्णालय तुमच्या लॅबपासून जवळच. मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा. रात्री-अपरात्री गरज वाटली तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

*

धागाकर्ती:

मनापासून आभार. काल रात्री गॅलरीत बसून त्याच्यासोबत ट्रकबीचा निबंध वाचला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे माझी गोळी अगदीच बाहेर नाहीये." झेरॉक्स मी काढली नाही, त्यानेही नाही. गोळी मात्र माझ्यासमोर घेतली. आमच्या आत्याला बायपोलर होतं, हे त्याला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. तेही काल सांगितलं. गुरुवारी मी सुट्टी टाकलीय, सकाळी दोघं ओपीडीला जातोय. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्याने स्वतः वहीत लिहून काढलेत, सव्वा पान झालंय.