गाडीचं ॲप जोडलं जात नाहीये, शनिवारच्या आत सुटायला हवं

वृषाली, मंगळवार रात्री ९.२०

नमस्कार मंडळी,

पुण्याला परत गेलेल्या मिलिंदकडून घेतलेल्या इलेक्ट्रिक गाडीचं ॲप अजून माझ्या फोनवर सुरू होत नाहीये. चासी नंबर टाकला की "हे वाहन दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे" एवढंच येतं. ॲप काढून परत टाकलं, आमच्या ह्यांच्या फोनवर बघितलं, तेच.

एरवी थांबले असते. पण शनिवारी सकाळी मंडळाच्या कार्यक्रमासाठी नेवार्क विमानतळावरून गायिका आणि तबलजी दोघांना आणायचं माझ्याकडे आहे, तिथून थेट हॉल, आणि रात्री त्यांना फिलाडेल्फियाला सोडायचं. इकडे गाडी रोज थोडी थोडी उतरत चाललीये. घरी आल्या आल्या प्लग लावते, हिरवा दिवा दोनदा लुकलुकतो आणि विझतो. पहाटे बघावं तर जेमतेम काही टक्के वाढलेले. पडद्यावर चार्जिंगची वेळ ११ ते ६ दिसते. ती काढली तरी दुसऱ्या दिवशी परत हजर.

मिलिंदला व्हॉट्सॲप केलंय. तोपर्यंत कुणी सेकंडहँड इलेक्ट्रिक घेतली असेल तर कृपया सांगा.

अविनाश, मंगळवार रात्री ९.५५

वृषाली, हे थ्रीजीचं प्रकरण वाटतंय. माझ्या आधीच्या गाडीचं असंच झालं होतं. २०२२च्या फेब्रुवारीत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने थ्रीजी बंद केलं आणि त्या दिवसापासून ॲप कायमचं गेलं. गाडी ठणठणीत, पण आतला मॉडेम जुना. कंपनीला फोन करून करून दमलो. वर्षअखेरीस व्हेरायझननेही थ्रीजी काढलं. तुझी गाडी कुठल्या सालची आहे ते आधी बघ.

आणि तोवर बॉनेट उघडून छोट्या बॅटरीची काळी वायर दहा मिनिटं काढून ठेव. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

सुहास, मंगळवार रात्री ११.१०

वृषाली, वायर काढू नकोस. अविनाश, तुझा अनुभव खरा आहे, पण इथे लागू नाही. मॉडेम मेला असता तर "संपर्क होत नाही" असं आलं असतं. इथे सर्व्हर स्पष्ट सांगतोय की गाडी दुसऱ्याच्या नावावर आहे.

आपला फोन गाडीशी बोलतच नाही. फोन बोलतो कंपनीच्या सर्व्हरशी, सर्व्हर मोबाइल नेटवर्कवरून गाडीतल्या मॉडेमशी. ब्लूटूथची किल्ली तेवढी थेट चालते. त्यामुळे मालक कोण हे गाडीत नाही, सर्व्हरवर लिहिलेलं आहे. मोटार व्हेईकलच्या कचेरीत टायटल, म्हणजे मालकीचा कागद, तुझ्या नावावर झालं, नंबरप्लेट बदलल्या, विमा बदलला, पण त्या सर्व्हरला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी मालक आजही मिलिंदच. म्हणून तू वेळ काढतेस आणि त्याच्या खात्यातली वेळ परत येऊन बसते.

टक्के का वाढत नाहीत तेही सांगतो. मिलिंदच्या गराजमध्ये २४० व्होल्टचा ३२ अँपिअरचा चार्जर होता, मीच इलेक्ट्रिशियन सुचवला होता. त्यावर ताशी साडेसात युनिट जातात. ११ ते ६ म्हणजे सात तास, पन्नासच्या वर युनिट, गाडी जवळपास भरते. तू टाउनहाऊसमध्ये साध्या १२० व्होल्टवर लावतेस. तिथे १२ अँपिअर, म्हणजे ताशी १.४ युनिट. सात तासांत दहा. या थंडीत त्यातलेही काही बॅटरी ऊबदार ठेवण्यात जातात, आणि दिवसा हीटर लावून ऑफिसला गेलीस की मिळवलेलं तिथेच संपतं.

आजच्यापुरता उपाय: प्लग लावल्यावर पडद्यावर चार्जिंगच्या पानात "आत्ता चार्ज करा" असं बटण असेल, ते दाब. वेळापत्रक तसंच राहतं, पण आजची रात्र मोकळी मिळते. मिलिंदचं खातं निघेपर्यंत रोज संध्याकाळी हेच करत राहा.

शुभांगी, बुधवार सकाळी ७.४०

सर्वांना नम्र विनंती. ही ईमेल-यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. गाड्या, घरं, छप्पर, बेसमेंट यांसाठी वेगळी यादी आपणच गेल्या वार्षिक सभेत ठरवून केली. वृषालीचा प्रश्न कार्यक्रमाशी जोडलेला आहे म्हणून हा धागा चालू ठेवते, पण थ्रीजी वगैरे तिकडे न्यावं.

दुसरं, आधीच सांगून ठेवते. शनिवारी हॉलच्या मागच्या भिंतीवरच्या प्लगला कुणीही गाडी लावायची नाही. दिवाळीला काय झालं ते सगळ्यांना आठवतं. हॉल ज्यांचा आहे त्या शाळेने लेखी कळवलं आहे आणि अनामत माझ्या सहीवर आहे.

अविनाश, बुधवार सकाळी ८.१५

शुभांगीताई, दिवाळीला ब्रेकर पडला तो गाडीमुळे नाही, त्याच सर्किटवर चहाचे दोन मोठे थर्मास आणि समोसे गरम करायची पेटी होती. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. साध्या प्लगवर गाडी १२ अँपिअर खाते. पंधराच्या ब्रेकरवर एकटी असती तर रात्रभर चालली असती.

आणि इलेक्ट्रिकवाले फुकट वीज घेतात हे जे त्या दिवशी बोललं गेलं, त्यावर एकदा सांगू द्या. न्यू जर्सीत जुलै २०२४पासून आम्ही दर वर्षी जास्तीची नोंदणी फी भरतो, ती २५० डॉलरपासून सुरू झाली आणि २०२८पर्यंत दर वर्षी दहा डॉलरने वाढते. नवी गाडी घेणाऱ्याकडून चार वर्षांची एकदम घेतात. रस्त्याचे पैसे आम्हीही देतो.

शुभांगी, बुधवार सकाळी ८.३२

थर्मास लागणारच, पाहुण्यांना चहा द्यायचा असतो. प्लगला गाडी नाही, हे अंतिम.

नीलिमा, बुधवार दुपारी १२.०५

टक्के, युनिट सगळं ठीक आहे, पण मला दुसऱ्याच गोष्टीने अस्वस्थ केलं. वृषालीची गाडी मिलिंदच्या खात्यात आहे, म्हणजे गाडी आत्ता कुठे उभी आहे हे पुण्यातल्या फोनवर दिसतंय. दार उघडता येतं, हॉर्न वाजवता येतो. मिलिंद आपला माणूस आहे, त्याच्याबद्दल शंका नाही. पण हीच गाडी अनोळखी माणसाकडून घेतली असती तर?

माझ्या भाचीने टेक्ससमध्ये वापरलेली गाडी घेतली. आधीच्या मालकाचा फोन गाडीच्या यादीत तसाच होता, त्याचा घरचा पत्ता, त्याच्या आईचा नंबर, सगळं पडद्यावर. त्याचंही उघडं पडलं आणि हिचंही. ती एकटी राहते. तिने डीलरकडे दोन आठवडे पाठपुरावा केला तेव्हा ते निघालं. आपल्या यादीवर गाड्या विकल्या जातात, तर जाहिरातीच्या नमुन्यात "ॲपमधून गाडी काढून दिली" अशी एक ओळ घालावी असं मला मनापासून वाटतं.

प्रसाद, बुधवार दुपारी १२.४०

नीलिमाताई, भाची ऑस्टिनला का? माझा धाकटा भाऊ तिथेच आहे, काही लागलं तर हक्काने सांगा.

मिलिंद, बुधवार दुपारी १.१५

वृषाली, सॉरी, दिवसभर बाबांना घेऊन हॉस्पिटलमध्ये होतो, आता इथे पुण्यात रात्री पावणेबाराला मेल उघडली. बाबा बरे आहेत, नेहमीचीच तपासणी.

खातं काढायचा प्रयत्न आत्ताच केला. लॉगिन केलं की ओटीपी माझ्या जुन्या, न्यू जर्सीतल्या ७३२च्या नंबरवर जातो आणि तो नंबर मी निघताना बंद केला. नवीन फोनवर ॲप टाकायला गेलो तर भारताच्या स्टोअरमध्ये ते ॲपच दिसत नाही. कस्टमर केअरचा टोल-फ्री नंबर इथून लागत नाही. उद्या काहीतरी वाट काढतो. नीलिमाताईंचं म्हणणं पटतंय, मलाही ते खातं नकोच आहे.

सुहास, बुधवार दुपारी १.३०

मिलिंद, जुना फोन आहे ना अजून? तो काळा, ज्यावर तू मंडळाचे व्हिडिओ काढायचास? त्यावर ॲप लॉगिन असेल तर ओटीपी लागणारच नाही. सिम नको, घरचं वायफाय पुरे.

मात्र तीन गोष्टी जपून. ॲप अपडेट करू नकोस. लॉगआउट तर चुकूनही नको, एकदा बाहेर पडलास की परत ओटीपी मागेल. आणि आधी प्रोफाइलमध्ये जाऊन चार्जिंगचं वेळापत्रक बंद कर, मगच "वाहन काढून टाका". म्हणजे ते काढणं अडलंच तरी वृषालीची गाडी निदान रात्रभर भरेल.

परत जाणाऱ्या सगळ्यांसाठी: इथला नंबर बंद करू नका. वीस डॉलर एकदाच भरून तो गूगल व्हॉइसवर नेता येतो, आणि पुण्यातही फोन-मेसेज येत राहतात. काही बँकांचे ओटीपी त्यावर येत नाहीत, म्हणून बँकेला निघण्याआधीच दुसरी सोय सांगून ठेवायची. पण नंबर हातात राहतो, आणि या देशात नंबर म्हणजेच ओळखपत्र झालंय.

अविनाश, बुधवार दुपारी २.०५

इतकं करण्यापेक्षा वृषालीने पडद्यावरून फॅक्टरी रीसेट मारावा. दोन मिनिटांचं काम.

सुहास, बुधवार दुपारी २.२०

काही गाड्यांत रीसेटने मालकही पुसला जातो, काहींत फक्त गाणी आणि पत्ते जातात आणि सर्व्हरवरचं नाव तसंच राहतं. रीसेट करायचाच तर मिलिंदने काढल्यानंतर, आणि मोकळ्या जागी, म्हणजे गाडीला ते सर्व्हरला कळवता येईल. शनिवार तोंडावर असताना मी हे प्रयोग करू देणार नाही. मिलिंदकडून नाहीच झालं, तर वृषालीने विक्रीचा कागद आणि नव्या नोंदणीचा फोटो कंपनीला पाठवावा. मालकी त्या कागदांवर बदलून मिळते, पण वेळ लागतो.

मिलिंद, गुरुवार पहाटे ३.५०

सापडला! ट्रंकेत होता, चार्जर शोधायला जास्त वेळ गेला. ॲप उघडलं आणि थेट आत. गाडी घरी उभी, ४१ टक्के, बाहेर उणे ६ सेल्सियस असं दिसलं. इथे गॅलरीत बसून ते बघताना कसंतरीच झालं, चार हिवाळे चालवली ती.

वेळापत्रक बंद केलं. मग वाहन काढलं. त्याने दोनदा "नक्की?" विचारलं, दोनदा हो म्हटलं. आता माझ्या यादीत एकही गाडी नाही. वृषाली, सकाळी करून बघ. ज्योतीचा फोनही जोडीदार म्हणून जोडलेला होता, तोही आपोआप गेला, तिच्याकडे खात्री करून घेतली.

वृषाली, गुरुवार सकाळी ८.०५

झालं!! मिलिंद, तुझे आणि ज्योतीवहिनींचे मनापासून आभार, बाबांना नमस्कार सांग.

सुहासदादा, एक नोंद, पुढच्यांच्या उपयोगी पडेल. आधी गराजमध्येच बसून केलं. चासी नंबर घेतला, फोनवर सहा आकडी कोड आला, तो गाडीच्या पडद्यावर टाकला आणि चक्र नुसतं फिरत राहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं तर गाडीच्या सिग्नलची एकही काडी नाही. माझ्या फोनला घरचं वायफाय पूर्ण होतं, म्हणून लक्षातच येत नव्हतं. गाडी मागे घेऊन ड्राइव्हवेवर आणली, दोन काड्या आल्या, आणि कोड पहिल्याच फटक्यात घेतला.

आता वेळापत्रक कोरं आहे. कालपासून "आत्ता चार्ज करा" दाबतेय त्यामुळे ४९ वर आहे. शुक्रवारी घरून काम घेतलंय, आज संध्याकाळी लावली की शनिवार सकाळपर्यंत काढणार नाही. निघायच्या आधी अर्धा तास गाडी गरम व्हायचं ॲपवरूनच लावलं आहे, प्लगला असतानाच, म्हणजे ती ऊब बॅटरीतून जाणार नाही.

सुहास, गुरुवार सकाळी ८.३०

उत्तम. एक राहिलं: पडद्यावर ब्लूटूथच्या यादीत मिलिंदचा फोन आणि नेव्हिगेशनमध्ये त्याचं "घर" अजून असेल, ते हाताने काढ. आणि ॲप सारखं सारखं उघडून टक्के बघू नकोस. दर वेळी झोपलेली गाडी जागी होते आणि तो भार त्या छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर पडतो. ती बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होणार नाही. रात्री फिलाडेल्फियाहून परतताना वीसच्या खाली गेलीस तर टर्नपाइकवर फास्ट चार्जरला थांब, ओढाताण करू नकोस.

नीलिमा, गुरुवार सकाळी १०.१५

छान झालं. जाहिरातीच्या नमुन्यातल्या ओळीचं काय ठरलं?

शुभांगी, गुरुवार सकाळी १०.५०

नमुना कार्यकारिणी ठरवते. फेब्रुवारीच्या बैठकीत विषय घेते, नीलिमाताई, तुम्ही मजकूर लिहून पाठवा. तोवर यादीवर गाडी विकणाऱ्याने स्वतःहून तसं लिहिलं तर माझी हरकत नाही.

प्रसाद, गुरुवार सकाळी ११.२०

वृषाली, तानपुऱ्याची पेटी लांब असते, तुझ्या डिकीत दोघांच्या बॅगा धरून मावेल का? नसेल तर मी व्हॅन घेऊन नेवार्कला येतो. टर्मिनल ए की बी?

वृषाली, गुरुवार सकाळी ११.३५

तानपुरा आपल्या शाळेतला वापरणार आहेत, तबलाडग्गा तेवढा येतोय. मागची सीट पाडून मावेल. टर्मिनल ए.