लेकीला क्रिस ब्राउनच्या गाण्यावर नाचू द्यावं का?

निळी छत्री
लेक सातवीत आहे, डान्स क्लासला जाते. क्लासच्या गॅदरिंगसाठी यंदा क्रिस ब्राउनचं गाणं घेतलंय. घरात दिवसातून पंचवीस वेळा तेच. गाणं झकास आहे, हे आधीच कबूल करते. पण परवा तिनेच विचारलं, "आई, ह्यानेच रिहानाला मारलं होतं ना?" मी भाजी परतत होते. नुसतं "हो" म्हणाले आणि डबा भरलास का विचारलं. तेव्हापासून डोक्यात भुंगा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्रिस ब्राउन, अमेरिकन गायक. २००५ मध्ये, सोळाव्या वर्षी, पहिलंच गाणं अमेरिकेत नंबर एक. फेब्रुवारी २००९ मध्ये ग्रॅमी ह्या संगीत पुरस्कार सोहळ्याच्या आदल्या रात्री गाडीत तेव्हाच्या मैत्रिणीला, गायिका रिहानाला मारहाण. गुन्हा कबूल केला, पाच वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर मोकळीक, मिळालं. २०११ त अल्बम नंबर एक, २०१२ त त्याच अल्बमला ग्रॅमी. २०१३ त वॉशिंग्टनमध्ये हॉटेलबाहेर एकाचं नाक फोडलं, २०१४ त प्रोबेशनच्या अटी मोडल्या म्हणून तुरुंग. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसरं ग्रॅमी आणि मे महिन्यात मँचेस्टरला अटक. लंडनच्या नाइटक्लबमध्ये २०२३ साली एका संगीत निर्मात्याला बाटलीने मारल्याचा आरोप आहे. तो आरोप त्याने नाकारलाय, खटल्याला ऑक्टोबर २०२६ ची तारीख लागलीय.

कोर्टाचं कोर्ट बघेल. घरातल्या स्पीकरचं मी काय करू?

खवट खोबरं
घ्या! ह्या हिशेबाने संजय दत्तचे निम्मे सिनेमे पुसून टाकावे लागतील. खटला चालू असतानाच त्याचे सगळ्यात गाजलेले सिनेमे आले, आणि तिकिटाच्या रांगेत आपणच होतो. शस्त्रास्त्र कायद्याखाली शिक्षा झाली, येरवड्यात राहिला, २०१६ त बाहेर आला. तेव्हा कोणाच्या डोक्यात भुंगा शिरला नाही. माणसाने शिक्षा भोगली, विषय मिटला. पोरीला नाचू द्या.

बीटबॉक्स
+१. मी अकरा वर्षांचा असल्यापासून त्याचे व्हिडिओ कमी स्पीडवर लावून स्टेप्स उचलल्यात. गाता गाता एवढं स्वच्छ नाचणारे किती उरलेत सांगा. आणि मारहाण झाली तेव्हा तो १९ चा होता. लहानपणी घरात आईला मार खाताना बघितलंय, असं त्यानेच सांगितलंय.

अजून एक. फिल स्पेक्टर नावाचा बडा निर्माता खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला, तोही २००९ मध्येच. त्याने बसवलेली ख्रिसमसची गाणी दर डिसेंबरला वाजतात. तो गोरा होता. त्याच्यावर कोणी धागा काढलेला मला दिसला नाही.

कोर्टाची पायरी
खवटराव, "भोगली" हा शब्द जरा तपासून घेऊ. शिक्षेत सुमारे १४०० तासांचं श्रमदान होतं. ते त्याने आपल्या व्हर्जिनिया राज्यात केल्याची कागदपत्रं दिली. लॉस एंजलिसच्या सरकारी वकिलांना ती पटली नाहीत, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये कोर्टाने नव्याने १००० तास लावले. दोनच महिन्यांत वॉशिंग्टनचं प्रकरण. प्रोबेशन संपलं मार्च २०१५ मध्ये. खालच्या कोर्टात पंधरा वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, प्रोबेशन म्हणजे सुटका झाली असं नसतं, दोरी फक्त लांब सोडलेली असते.

लंडनचं मात्र ह्यात धरू नका. दोष सिद्ध झालेला नाही. ५० लाख पौंडांच्या जामिनावर सोडताना त्याला दौरा करायची मुभाही दिली होती. ती कोर्टाने दिली, चाहत्यांनी नाही.

खवट खोबरं
वकीलसाहेब, खुद्द रिहानाने २०११ त कोर्टाचा "लांब राहा" हा आदेश सैल करायला हरकत घेतली नाही. २०१२ त दोघांनी एकत्र गाणीसुद्धा केली. जिला लागलं तिने सोडून दिलं, मग डोंबिवलीत बसून आपण कोण लागून गेलो?

सावळी
मी काही वर्षं महिला समुपदेशन केंद्रात काम केलंय. परत नांदायला गेलेल्या बाईकडून एकच वाक्य ऐकायचो, "आता नाही करणार म्हणालेत." त्यातल्या काही जणी चार-सहा महिन्यांनी त्याच बाकावर येऊन बसायच्या, कधी हाताला प्लास्टर असायचं. तिने माफ करणं हा तिचा प्रश्न, त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही. पण ग्रॅमीवाल्यांना कोणी मारलं होतं, की त्यांनी तीन वर्षांत माफ करावं?

आणि बीटबॉक्स, १९ व्या वर्षीचं सोडून देऊ. वॉशिंग्टनला तो २४ चा होता.

बीटबॉक्स
मान्य. पण स्पेक्टरचं उत्तर आलं नाही.

सावळी
त्याचीही गाणी नकोत मला. आलं उत्तर.

हिशेबनीस
मूळ मुद्दा सुटतोय. लोकांना आवडतं म्हणून चार्टवर, म्हणजे खपाच्या यादीत वर, इतकं ते सरळ नसतं. २०१७ चा त्याचा 'हार्टब्रेक ऑन अ फुल मून' घ्या. एका अल्बममध्ये ४५ गाणी! अडीच तासांच्या वर ऐवज. अमेरिकेत तेव्हा १५०० स्ट्रीम, म्हणजे त्यातली गाणी ऑनलाइन १५०० वेळा ऐकली गेली, की एक अल्बम विकला असं धरायचे. बारा गाण्यांच्या अल्बमला तेवढे स्ट्रीम जमवायला तो १२५ वेळा ऐकावा लागतो. ह्याला ३४ वेळा पुरे. मंगळवारी आला, मोजणीचा आठवडा गुरुवारी संपला, आणि तेवढ्या तीन दिवसांच्या ऐकण्यावर बिलबोर्डच्या अमेरिकन यादीत तिसरा. २०१९ च्या 'इंडिगो'त ३२ गाणी होती, तो थेट पहिला.

म्हणून छत्रीताई, कॅसेटच्या काळात एकदा पैसे दिले की संपलं, मग ती झिजेपर्यंत वाजवा. आता दर वेळची नोंद होते. भारतातलं ऐकणं अमेरिकेच्या यादीत धरत नाहीत, पण रॉयल्टी जातेच. तुमचे पंचवीस म्हणजे चिल्लर, हे खरं. तरी हिशेबात आहेत.

खवट खोबरं
मग पेनड्राइव्हवर टाकून वाजवा. नैतिकतेचा प्रश्न सुटला, चोरीचा सुरू झाला.

हिशेबनीस
😄 ह्यावर पास. पण स्पॉटिफायने २०१८ च्या मे महिन्यात वागणुकीवरून काही गायकांना आपल्या प्लेलिस्टमधून काढायचं धोरण आणलं होतं. आर. केली त्यातलाच. महिन्याभरात ते गुंडाळलं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे निस्तरता आलं नाही, ते एका आईने स्वयंपाकघरातून निस्तरावं, असं मीही म्हणणार नाही.

कोर्टाची पायरी
अवांतर: कंपनीला जमलं नाही म्हणजे तिने प्रयत्न केला होता, असं गृहीत धरताय.

निळी छत्री
सगळ्यांचे आभार. काल क्लासच्या मॅमशी बोलले. त्यांना प्रकरण माहीत होतं. म्हणाल्या, "गॅदरिंगला नऊ दिवस आहेत, कपडे शिवून आलेत, गाणं बदललं तर पोरींना सगळं परत बसवावं लागेल." माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाणं तेच राहिलं.

मग लेकीला समोर बसवून सगळं सांगितलं, भाजी न परतता. ती म्हणाली, "आई, आमच्या ग्रुपवर सगळ्यांना माहितीय." आणि लगेच, "पण मी पहिल्या रांगेत आहे."

घरातला स्पीकर मी बंद केलाय, ती त्यावर भांडली नाही. संध्याकाळी कपाटाच्या आरशासमोर नुसत्या मोजणीवर नाचते. फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट. खालच्या काकू विचारून गेल्या, पाढे पाठ करतेय का म्हणून.

खवट खोबरं
झाल्यावर व्हिडिओ टाका. आवाज बंद करून बघतो.