मदत हवी आहे: पुण्यात पुपुसा करायच्या आहेत, पीठ कसं जमवू?

अमेरिकेत मेरीलँडला राहत होतो तेव्हा मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशाच्या पुपुसांची चटक लागली. वॉशिंग्टनच्या आसपास साल्वादोरी लोक भरपूर, त्यामुळे पुपुसेरिया, म्हणजे पुपुसांचं दुकान, शोधावी लागायची नाही. आता पुण्यात आहोत आणि लेकीने लकडा लावलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मक्याच्या पिठाच्या उंड्यात सारण भरायचं, हातावर थापायचं आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजायचं. पुरणपोळीचीच जात म्हणा, फक्त लाटणं नाही आणि जाडी बरीच जास्त. सारणात चीज, घोटलेला लाल राजमा किंवा दोन्ही. डुकराचं मांस वाटून घातलेली ‘रेवुएल्ता’ तिकडे सगळ्यांत लोकप्रिय, पण आम्ही शाकाहारी. वर कुर्तिदो, म्हणजे व्हिनेगर-ओरेगानोत मुरवलेला कोबी-गाजर, आणि टोमॅटोची पातळ चटणी. खायचं हाताने. 2005 साली एल साल्वादोरच्या विधानसभेने हा राष्ट्रीय पदार्थ ठरवला. नोव्हेंबरचा दुसरा रविवार त्याचा दिवस.

अडचण पिठाची. गिरणीतून दळून आणलेलं मक्याचं पीठ गरम पाण्यात मळलं की भाकरी होते, पण सारण भरून मिटवायला गेलं की कडा फाटतात आणि चीज तव्यावर. कणीक मिसळायचा सल्ला कृपया नको, लेकीला गहू चालत नाही. तयार ‘मासा हरिना’, म्हणजे चुन्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, ऑनलाइन मिळतं, पण किंमत बघून पुढे जावंसं वाटलं नाही. मका चुन्यात शिजवून घरी पीठ कुणी केलंय का? पानवाल्याकडचा चुना चालेल? की नुसती निवळी पुरते?

आणखी एक: तिकडे लोरोको नावाच्या वेलीच्या कळ्या चीजमध्ये घालतात. त्याऐवजी शेवग्याची फुलं घालायचं डोक्यात आहे. वेडेपणा आहे का?

प्रतिसाद

ताई, पीठ फाटणारच. साध्या मक्याच्या पिठाला चिकटपणा नसतो. चुन्यात शिजवल्यावर दाण्याच्या सालाचा काही भाग विरघळून डिंकासारखा होतो, तोच पीठ धरून ठेवतो.

निवळी घेऊ नका. लिटरभर निवळीत चुना जेमतेम दीडेक ग्रॅम असतो. किलोभर वाळलेल्या मक्याला 10 ग्रॅम कोरडा खायचा चुना आणि तीन लिटर पाणी. पानाचा ओला चुना चालेल, पण सुगंधी नको, आणि त्यात पाणी असतं म्हणून वजन थोडं वाढवा. पातेलं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं अजिबात नाही. अर्धा-पाऊण तास उकळा, रात्रभर तसंच झाकून ठेवा. सकाळी दाणे चोळून उरलेलं साल काढा, दोन-तीन पाण्यांनी धुवा. मका खायचाच आणा. बियाण्याच्या मक्याला औषध चोळलेलं असतं.

मिक्सरला थोडा थोडा वाटा, पाणी चमच्याने. सैल झालंच तर गिरणीचं मक्याचं पीठ घालून सावरता येतं. थापताना वाटीत पाणी आणि तेल एकत्र ठेवून हात त्यात बुडवत राहा.

प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर, पण इतका खटाटोप आधी कशाला? एल साल्वादोरची राजधानी सान साल्वादोरहून विमानतळाकडे जाताना ओलोकुइल्ता गाव लागतं, तिथे तांदळाच्या पिठाच्या पुपुसा मिळतात आणि त्यासाठीच ते गाव नावाजलेलं आहे. म्हणजे मोदकाची उकड येत असेल तर अर्धं काम झालं, गव्हाचाही प्रश्न नाही. उकड मोदकापेक्षा जरा घट्ट ठेवा.

सारण कोरडं हवं. राजमा परतून गोळा होईपर्यंत आटवा. चीज म्हणून किसलेलं मोझरेला आणि त्यात थोडं कुस्करलेलं पनीर. नुसतं मोझरेला फार पातळ होतं.

शेवग्याची फुलं जरूर घाला, पण आधी उकळून पिळून घ्या, नाहीतर कडवट लागतील आणि पाणीही सुटेल. लोरोकोची चव येणार नाही, वेगळीच पुपुसा होईल. आमच्याकडे कोकणात त्या फुलांची भाजी करतात, त्यामुळे मला तरी आवडेल.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. या रविवारी उकडीच्या करते, मका तोवर मार्केट यार्डातून आणून ठेवते. कुर्तिदो आदल्या रात्री करून ठेवला तर कोबी मऊ पडतो का, तेवढं कुणी सांगा.